ढबळा का खवदला?

खालील उतारा काळजीपूर्वक वाचा.

'भर दुपारी खुरमटाच्या काठी तीन ढबळे गिरकटत होते. त्यांतल्या थोरल्या ढबळ्याने धाकट्याची झिपोळी हळूच वांगसली. त्यामुळे धाकटा ढबळा फार खवदला आणि त्याने दोघांनाही निपकळून काढले.'

आता प्रश्न. ढबळे कोठे गिरकटत होते? एकूण ढबळे किती? थोरल्या ढबळ्याने काय वांगसले? धाकटा ढबळा का खवदला? आणि शेवटी, 'खवदणे' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा.

गेल्या रविवारी हा पेपर मी माझ्या भाचीपुढे टाकला. ती सातवीत आहे. जन्म भिलाईचा, घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. चौथ्या मिनिटाला तिने कागद परत दिला. काठी, तीन, झिपोळी, वांगसल्यामुळे. पाचव्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: 'होमवर्क न केल्यामुळे सर माझ्यावर खवदले.' पाचपैकी पाच. मी लाल पेनाने गुण लिहिले, खाली 'उत्तम आकलन' असा शेराही मारला. ती कागद घेऊन बॅडमिंटन खेळायला गेली.

माझ्या बहिणीला हे आवडलं नाही. म्हणाली, "दादा, पोरीची चेष्टा करतोस?" चेष्टा मी पोरीची करत नव्हतो. हा उतारा निरर्थक आहे, एवढाच त्याचा दोष. बाकी पेपर अगदी बोर्डाच्या वळणाचा आहे.

आपल्याकडे याला उताऱ्यावरील प्रश्न म्हणतात. इकडे भिलाईत हिंदीमध्ये त्याचं नाव 'अपठित गद्यांश'. अपठित म्हणजे न वाचलेला. शिक्षणखात्याच्या सगळ्या शब्दभांडारात इतका प्रामाणिक शब्द दुसरा नसेल, कारण परीक्षेआधी तो अपठित असतो आणि पूर्ण गुण मिळाल्यावरही अपठितच राहतो. भाचीला ट्यूशनच्या सरांनी यासाठी खास युक्ती दिली आहे: पॅसेज मत पढ़ो, पहले क्वेश्चन पढ़ो. प्रश्नातला ठळक शब्द धरायचा, उताऱ्यात तोच शब्द शोधायचा, त्याच्या मागचं-पुढचं वाक्य उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायचं. या कामाला माणूस कशाला लागतो? माझा फोन हेच करतो, आणि त्याला ट्यूशनची फी नाही.

भिलाई हे तसं युक्त्यांचं गाव. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत मदतीचा करार १९५५चा. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि भाताच्या शेतांतून एक आखीव गाव उभं राहिलं: सेक्टर, क्वार्टर, भोंगा, शिफ्ट. त्या पहिल्या कामगारांच्या मुलांना इंजिनियर व्हायचं होतं. म्हणून पोलादाच्या पाठोपाठ इथे आयआयटीच्या कोचिंगची भट्टी पेटली, ती अजून विझलेली नाही. पुढे खुद्द आयआयटीच २०१६मध्ये भिलाईला आली. मुलांनी आयआयटीकडे जायचं की आयआयटीने मुलांकडे यायचं, हा वाद त्यामुळे मिटला असावा.

पण एक फरक राहिला. प्लँटमध्ये दल्ली-राजहराच्या खाणीतला दगड आत जातो आणि रेल्वेचे रूळ बाहेर पडतात. शाळेत उतारा आत जातो आणि उताराच बाहेर पडतो.

आता कुणी म्हणेल, शिकवत असतील की आकलन. त्यासाठीच तर रोजचा भाषेचा तास आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत डोलोरेस डर्किन नावाच्या बाईंनाही असंच वाटलं असणार. त्या प्राथमिक वर्गांत जाऊन बसल्या आणि बाई-गुरुजी मिनिटामिनिटाला काय करतात ते टिपत राहिल्या. चौथीच्या वर्गांतला वाचनाचा वेळ भरला ४,४६९ मिनिटं. त्यातली वाचलेलं समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेलेली मिनिटं निघाली वीस. चार हजार नव्हे, चारशे नव्हे, वीस. बाकीच्या वेळात प्रश्न विचारणं होतं, उत्तरं तपासणं होतं, गृहपाठ देणं होतं. म्हणजे मुलाला विहिरीत ढकलायचं, काठावर उभं राहून किती हात मारले ते मोजायचं, आणि या सगळ्याला पोहण्याचा तास म्हणायचं. हा अभ्यास १९७८-७९मध्ये छापून आला. आपल्याकडे कुणी असा हिशेब मांडला, तर वीस मिनिटं तरी भरतील का, या शंकेने मी तो विषय शाळेतल्या कुणापुढे काढत नाही.

एकदा काढला होता. ओळखीच्या एका शिक्षिकेला आकलनाच्या प्रशिक्षणाला जावं लागलं होतं. कुठलं, कुणाचं, ते जाऊ द्या. तिथे तज्ज्ञांनी पडद्यावर पाटी दाखवली: 'शिक्षकांनी मजकूर नुसता मोठ्याने वाचून दाखवू नये.' आणि ती त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. मग पुढची पाटी. दुपारी चार वाजता सर्वांना काय समजलं ते लिहायचा फॉर्म आला. बाईंनी पाट्यांमधलीच वाक्यं उतरवून दिली. प्रमाणपत्र मिळालं.

आपल्या सरकारचं आकलन कच्चं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाचनाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, पिसा नावाची. तिच्या २००९च्या फेरीत आपण हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्यं उतरवली, म्हणजे जरा बरी मुलं पुढे केली. निकाल २०११च्या डिसेंबरात लागला. चौऱ्याहत्तर जणांच्या यादीत आपण बहात्तरावे आणि त्र्याहत्तरावे. खाली एकटं किरगिझस्तान. हा निकाल आपण नीट वाचला, त्यातला गर्भितार्थ ओळखला, आणि पुढच्या खेपेला परीक्षेलाच बसलो नाही. याला म्हणतात मजकुरावरून निष्कर्ष काढणे.

तेव्हा कारण असं दिलं गेलं की प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते. हसू येतं, पण ही तक्रार निम्मी खरी आहे, आणि या खऱ्या अर्ध्याकडे ना सरकारने वळून पाहिलं ना टीकाकारांनी. १९८८मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेतल्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचलेलं आठवून मैदानाच्या नकाशावर बाहुल्या हलवून दाखवायचं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांना भारी पडली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला. चौथीत अडखळत वाचणारा मुलगा 'नाइट वॉचमन'वरची बातमी एका दमात समजतो. मराठीत पीएचडी केलेले गृहस्थ मात्र विचारतात, रात्री पहारा द्यायला बॅट कशाला?

म्हणजे आकलन हा काही वेगळा अवयव नाही, की तो व्यायामाने फुगवला आणि मग कुठल्याही उताऱ्यावर टाकला. ज्याला विषय ठाऊक, शब्द ठाऊक, त्याला उतारा समजतो. भिलाईच्या पोराला झोतभट्टीवर उतारा द्या. कोक, चुनखडी, मळी, हॉट मेटल हे सगळं त्याने जेवताना बापाच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्यालाच स्कॉटलंडच्या मेंढपाळावर उतारा दिला की तो ढबळा शोधायला लागतो.

आणि शब्दांचं काय सांगावं. आमच्याकडे घराघरात तीन भाषा वाटीला वाटी लावून बसलेल्या. माझी चौथीतली फजिती अजून आठवते. हिंदीच्या पेपरात गोष्ट होती: दोन भावांचं शेतावरून भांडण, पंच बसले, आणि शेवटी दोघांनी राजीनामा केला. प्रश्न होता, गोष्टीचा शेवट कसा झाला? मी लिहिलं, दोघांनी नोकरी सोडली. हिंदीत राजीनामा म्हणजे समेटही होतो, हे मला कोण सांगणार? आमच्या क्वार्टरमध्ये राजीनामा हा शब्द वडिलांच्या फोरमनच्या संदर्भातच यायचा, आणि तोही धमकी म्हणून. गुरुजींनी शून्य दिलं. वर 'ध्यान से पढ़ने की चेष्टा करो' असा शेरा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी दोन दिवस समजत होतो की गुरुजींनी माझी टिंगल केली आहे. (आता मागे वळून पाहता, केलीच होती.) परवा बहीण जी चेष्टा म्हणाली ती मराठीतली; एवढा भेद त्या वेळी मला ठाऊक नव्हता.

माझ्यासारख्याचं हे, तर गावातून येणाऱ्या छत्तीसगढी घरातल्या मुलाचं काय होत असेल? त्याची घरची बोली २००७मध्ये राजभाषा झाली, पण वर्गाच्या दारात चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची. मग सहा वर्षांचं पोर बाईंच्या तोंडाकडे बघत उच्चार जुळवतं. अक्षर ओळखतं, ओळ म्हणतं, अर्थ बाहेर चपलेपाशी. आपण म्हणतो वाचन उत्तम आहे, फक्त आकलन कमी पडतं. हे म्हणजे स्वयंपाक उत्तम झाला, फक्त अन्न नाही.

मोजमाप मात्र आपल्याला आवडतं. 'निपुण भारत' नावाची मोहीम ५ जुलै २०२१ला सुरू झाली. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत असं तिचं लक्ष्य. यातला 'अर्थासह' हा शब्द फार सोसतो बिचारा. साठ शब्द घड्याळावर मोजता येतात, अर्थ मोजणारं घड्याळ निघालेलं नाही. त्यामुळे कुठल्या शाळेत काय सुधारेल ते सांगायला ज्योतिषी नको. वेग लागतो हे खरं; अक्षराअक्षराला ठेचकाळणाऱ्याला वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही. 'प्रथम' संस्थेची माणसं २००५पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात. त्यांच्या २०२४च्या 'असर' अहवालात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्यांना तोही आला नाही. तेव्हा आधी वाचता येऊ दे, हे म्हणणं रास्तच. पण धावता येऊ लागल्यावर कुठे जायचं ते कुणी सांगणार आहे की नाही? नाहीतर सत्यनारायणाच्या भटजींचा वेग मिनिटाला साठ शब्दांच्या कितीतरी वर असतो, आणि साधुवाण्याने नेमकं केलं काय हे प्रसाद घेताना यजमानाला विचारून पाहा.

गंमत अशी की समजून वाचायच्या खऱ्या युक्त्या फार थोड्या आहेत, आणि त्या आपल्या घरात पडून आहेत. पॅलिन्क्सर आणि ब्राउन या अमेरिकन संशोधिकांनी १९८४मध्ये चार सांगितल्या. वाचताना थांबून पुढे काय येईल याचा अंदाज करा. स्वतःच प्रश्न काढा. अडेल ते उलगडून घ्या. झालेलं थोडक्यात सांगा. आळीपाळीने एकेका मुलाने बाई व्हायचं, म्हणजे सगळ्यांना चटक लागते. ज्या सातवीतल्या मुलांना ओळी घडाघडा वाचता येत पण कळत नसे, त्यांना याचा चांगला उपयोग झाला. हे वाचून मला आमची आजी आठवली. तिला शेजारच्या काकू पोथी वाचून दाखवायच्या. आजी चार ओव्यांनी म्हणायची, "थांब गं. म्हणजे तो परत गेला का काय?" काकू वैतागायच्या, त्यांना सप्ताहात पारायण संपवायचं असे. आजीला पारायण संपवायचं नव्हतं, गोष्ट कळून घ्यायची होती. पोथी वाचणारा आणि पोथी सांगणारा यांतला फरक मराठीत कधीपासूनचा आहे. कीर्तनकार एका अभंगावर दोन तास उभा राहतो तो काही अक्षर लागत नाही म्हणून नव्हे.

वडील प्लँटात होते. ते सांगायचे, नव्या माणसाला काम समजावलं की 'समझ गए?' असं विचारायचं नाही, कारण 'जी साहब' हे उत्तर जन्मजात असतं. त्याला म्हणायचं, आता तू मला सांग. पहिला व्हॉल्व कुठला, मग काय, आणि उलटं केलं तर काय होईल? तसंच शिफ्ट बदलताना लॉगबुक. आधीच्या शिफ्टने काय लिहिलंय ते नुसतं वाचून सही ठोकणारा माणूस आठ तासांत सगळ्यांना घाम फोडतो. लॉगबुकात गुण नसतात, शेरा नसतो. तिथे चूक वाचली तर भट्टी सांगते. या माणसांपैकी कुणी शिक्षणशास्त्र शिकलेलं नव्हतं. उरलेल्यांनी शिकल्यावर काय केलं ते वर आलंच आहे.

पण या चार युक्त्यांचंही आपण काय करू याची मला धास्ती आहे. उद्या त्यांचं गाइड निघेल. 'अंदाज करणे म्हणजे काय? दोन वैशिष्ट्ये लिहा. (४ गुण)' असा प्रश्न येईल. मुलं युक्त्यांची व्याख्या पाठ करतील आणि उतारा पुन्हा अपठित राहील. या युक्त्या शिकवायला काही आठवडे पुरतात. नंतर वाचायला काहीतरी लागतं. गोष्टी, बातम्या, विज्ञान, भांडणं, पत्रं. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके रजेवर असतात, हा अनुभव माझा एकट्याचा नसावा. महाराष्ट्रात २०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन पाळतात. चांगलं आहे. त्या दिवशी पुस्तकांचे फोटो काढण्यासाठी कपाट उघडतं.

आणि आमच्या या मुलखात समजून वाचणाऱ्या मराठी माणसांचा दुष्काळ कधीच नव्हता. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९००मध्ये पेंड्र्यासारख्या आडबाजूच्या गावातून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक चालवलं, आणि पुढे टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. भाषांतर करणाऱ्याइतका कडक वाचक नाही. त्याला समजल्यासारखं करून पुढच्या पानावर सटकता येत नाही. गाढवापुढे वाचली गीता ही म्हण बिचाऱ्या गाढवासाठी आहे. गीता वाचणाऱ्याला ती कळली होती का, हे म्हणीत कुणी विचारलेलं नाही.

दुसरे मुक्तिबोध. भिलाईच्या शेजारी राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायचे. घरी मराठी, लिहिणं हिंदीत. त्यांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' नावाचं पुस्तक विद्यार्थ्यांसाठी लिहिलं. मध्य प्रदेश सरकारने ते आधी अभ्यासक्रमाला मंजूर केलं, आणि १९६२मध्ये त्यावर बंदी घातली. पुन्हा वाचल्यावर अर्थ जास्त लागतो, ही आकलनाची फार जुनी युक्ती आहे. सरकारला ती तेव्हाही येत होती.

मोठ्या माणसांबद्दल बोलूच नये. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सूचना आली: 'गुरुवारी सकाळी ६ ते १० पाणी येणार नाही.' खाली पहिला प्रश्न, कधी? दुसरा, सकाळी की संध्याकाळी? तिसऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. चौथ्याने हे सगळं नेहरूंमुळे झालं असं लिहिलं. गुरुवारी दहा वाजता चौघेही बादल्या घेऊन खाली उभे होते. यांतल्या दोघांची मुलं अपठित गद्यांशात दहापैकी दहा मिळवतात.

हा लेख इथवर लिहून झाला आणि काल संध्याकाळी भाची आली. हातात तोच कागद, घडी पडून मऊ झालेला. म्हणाली, "मामा, ढबळा खवदला म्हणजे नेमकं काय झालं? तो रागावला की रडला?"

मी म्हटलं, "तुझं काय म्हणणं?"

"रागावला असणार. कारण पुढे त्याने दोघांना निपकळलं. पण मग दोघांना का? झिपोळी तर थोरल्यानेच वांगसली होती. तिसऱ्याने काय केलं होतं? उताऱ्यात तिसऱ्याचं काहीच नाहीये."

मी उतारा पुन्हा वाचला. खरंच नव्हतं. लिहिताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी कबूल केलं की या शब्दांना काही अर्थच नाही, मी ते मनाने बनवले आहेत, आणि तिसऱ्या ढबळ्यावर अन्याय झाला आहे.

तिने कागदावरच्या लाल आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग तू मला पाचपैकी पाच कसे दिलेस?"